बुबुळावरचा अल्सर: लेन्सवाले आणि बिनलेन्सवाले

डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर त्यातून स्वच्छ दिसलंच नसतं. म्हणून लागणारा ऑक्सिजन तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत घेतो. पण रक्त नाही, त्यामुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही तिथे चटकन पोचत नाहीत. राखण करतात ते अश्रू, पापण्यांची उघडझाप आणि सर्वांत वरचा पेशींचा पातळ पापुद्रा. तो शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. तो फाटून जंतू आत शिरले की तिथे जखम चिघळते, तोच अल्सर.

कॉन्टॅक्ट लेन्स न वापरणाऱ्यांत हा पापुद्रा बहुधा ओरखड्याने फाटतो. पिकाचं पातं, उडालेला भुसा, फांदीचा फटका. वनस्पतीचा तुकडा नुसता ओरखडा काढून थांबत नाही, तो फ्युजेरियम किंवा अॅस्परजिलससारखी बुरशीही सोबत घेऊन येतो. नेपाळमधल्या भक्तपूरला झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे ओरखडे आलेल्या लोकांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम दिलं गेलं. ज्यांना ते 18 तासांच्या आत मिळालं, त्यांच्यापैकी एकालाही अल्सर झाला नाही. एक दिवस उलटून गेल्यावर आलेल्यांत मात्र चौघांपैकी एकाहून अधिक जणांना झाला. महागड्या औषधापेक्षा घड्याळ जास्त महत्त्वाचं ठरलं, असं मला तरी यातून दिसतं. याशिवाय नागीण वर्गातला हर्पीस विषाणू, कोरडे डोळे, नीट न मिटणाऱ्या पापण्या ही कारणं आहेतच.

लेन्सवाल्यांना विचारा, तर डोळ्याला काही लागल्याचं बहुतेकांना आठवत नाही. तिथे जंतू लेन्सवरूनच येतात. स्युडोमोनास हा जिवाणू ओलसर डबीत आणि लेन्सच्या पृष्ठभागावर चिकट थर करून राहतो. लेन्सखालचे अश्रू नीट बदलत नाहीत, म्हणून तो वाहूनही जात नाही. झोपेत तर पापण्या मिटलेल्या, ऑक्सिजन आणखी कमी. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीत, फक्त दिवसा घालायच्या मऊ लेन्स वापरणाऱ्यांत वर्षाला दर दहा हजारांत सुमारे 4 जणांना अल्सर झाला. रात्रीही ठेवायच्या लेन्स वापरणाऱ्यांत सुमारे 21 जणांना. पुढे भरपूर ऑक्सिजन आत सोडणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या, तेव्हा हा प्रश्न मिटेल अशी आशा होती. ती फोल ठरली. लेन्स घालून झोपणाऱ्यांचा धोका फारसा उतरला नाही. म्हणजे दोष एकट्या ऑक्सिजनच्या टंचाईचा नव्हता.

लेन्सवाल्यांचा आणखी एक खास शत्रू म्हणजे अकँथअमीबा. हा एकपेशीय जीव नळाच्या पाण्यात, पोहण्याच्या तलावात असतो आणि संकट आलं की दुहेरी भिंतीचं कवच करून बसतो. तलावात घातलेल्या क्लोरीनलाही ते कवच दाद देत नाही. डोळ्यात जे दिसतं त्या मानाने वेदना भयंकर, आणि उपचार कित्येक महिने. लेन्स नळाच्या पाण्याने धुऊ नये, ती घालून पोहू नये, हे सांगतात ते यासाठी.

स्युडोमोनास एक-दोन दिवसांत कॉर्निया विरघळवू शकतो. बुरशी सावकाश, पिसासारख्या विस्कटलेल्या कडांनी पसरते. पण नुसत्या दिसण्यावर अनुभवी डॉक्टरही चकतात. म्हणून जखमेचा काठ खरवडून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कुणाच्या तरी सल्ल्याने स्टेरॉइडचे थेंब घालणं इथे सर्वांत महागात पडतं: लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशी मोकाट वाढते.

लेन्स काढल्यावरही डोळा दुखत राहिला, उजेड सहन झाला नाही किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं. डोळ्यावर पट्टी बांधू नये, कारण बंद, उबदार जागा स्युडोमोनासला मानवते. आणि लेन्स व डबी फेकून न देता सोबत न्यावी. कधीकधी डोळ्यातून घेतलेल्या नमुन्यात न सापडलेला जंतू डबीतल्या पाण्यात सापडतो.