विधवेचा वाटा वेगळा, विधवेचं मृत्युपत्र वेगळं

ट्युडर काळातल्या, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या, श्रीमंत विधवांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "नवऱ्यांच्या इस्टेटी मिळाल्या आणि मरताना तिने त्या मुलांत वाटून टाकल्या." बहुतेक वेळा हे बेस ऑफ हार्डविकबद्दल म्हटलेलं असतं. ती चार लग्नं केलेली, डर्बीशरमधली, पुढे श्रूजबरीची काउंटेस झालेली बाई. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग चुकीचा आहे आणि तो खोडून काढायचा मला आता कंटाळा आला आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

विधवेच्या हाताखाली असलेली मालमत्ता दोन प्रकारची असायची. एक हयातीपुरती, दुसरी खरोखर तिची. मृत्युपत्राने ती फक्त दुसरी देऊ शकत होती. पहिली तिच्या शेवटच्या श्वासाबरोबर तिच्या हातून सुटायची आणि कुणाकडे जायची ते आधीच ठरलेलं असायचं.

मृत्युपत्र म्हणजे काय ते वाचकाला सांगायला नको. तेव्हाच्या इंग्लंडमध्येही ते साधारण आपल्या ओळखीचंच होतं: आत्मा देवाच्या स्वाधीन, देह अमुक चर्चमध्ये, कर्जं फेडा, मग कुणाला काय. फरक एवढाच की त्याची तपासणी आणि नोंद चर्चच्या न्यायालयात व्हायची. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नवरा जिवंत असेपर्यंत बाईला जमिनीचं मृत्युपत्र करताच येत नव्हतं आणि चीजवस्तूंचं करायचं तर नवऱ्याची संमती लागायची. तिच्या अंगावरचे कपडेसुद्धा कायद्याच्या नजरेत नवऱ्याचे. त्यामुळे त्या काळच्या नवऱ्यांच्या मृत्युपत्रांत बायकोला तिचेच झगे आणि तिचेच दागिने 'दिलेले' सापडतात. स्वतःच्या नावाने देणं-घेणं सुरू व्हायचं ते वैधव्यात.

आता हयातीपुरत्या हक्काकडे येऊ, कारण सगळा घोळ इथेच होतो.

नवऱ्याच्या नावावर लग्नानंतर कधीही जी जमीन होती, तिचा तिसरा हिस्सा विधवेला ती जिवंत असेपर्यंत मिळायचा. याला डॉवर म्हणत. नवऱ्याने मधल्या काळात एखादी जमीन विकली असली तरी तिच्यावरचा बायकोचा हक्क सुटत नसे. जॉइंचर म्हणजे लग्नाच्या करारातच ठरवून ठेवलेली जमीन, जिचं उत्पन्न नवरा गेल्यावर बायकोला हयातभर मिळेल. १५३६ च्या कायद्यानंतर लग्नाआधी जॉइंचर ठरलं असेल तर डॉवर मागता येत नसे. या दोघांमधल्या फरकावर लोक पानंच्या पानं लिहितात, आणि वकील सोडून कुणाला त्याचं फारसं काम पडत नाही. आपल्या प्रश्नापुरते दोन्ही सारखेच: जमीन हयातीपुरती.

आपल्याकडे "माझ्या पश्चात पत्नीने या घरात हयात असेपर्यंत राहावे, तिला ते विकण्याचा वा बक्षीस देण्याचा अधिकार नाही" असं कलम मृत्युपत्रात असतं. ते डोळ्यांसमोर आणलंत की डॉवर आणि जॉइंचर समजले. राहा, खंड गोळा करा, पीक घ्या. घर आणि जमीन कुणाला देऊ मात्र शकत नाही.

पण या हक्काला एक फट होती आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. १२३५ च्या मर्टनच्या कायद्याने विधवेला तिच्या डॉवरच्या जमिनीत उभं असलेलं पीक मृत्युपत्राने देण्याची मुभा मिळाली. शेत नवऱ्याच्या वारसाचं, पण तिने पेरलेला गहू तिचा, आणि तो ती मुलीला किंवा कोठीवाल्याला लिहून देऊ शकत होती. ही रेषा कळली की ट्युडर विधवांची निम्मी मृत्युपत्रं उलगडतात. जमिनीची मालकी तिची नाही, पण जमिनीतून निघालेलं सगळं तिचं. खंडाचे पैसे, त्या पैशांतून घेतलेली चांदीची भांडी, मेंढ्या, गाद्या, आणि त्याच पैशांतून स्वतः विकत घेतलेली दुसरी जमीनसुद्धा.

यात भर म्हणून आणखी एक 'तिसरा हिस्सा' होता आणि तो बऱ्याच जणांना फसवतो. लंडन शहरात आणि यॉर्कच्या धर्मप्रांतात रिवाजाने विधवेला नवऱ्याच्या चीजवस्तूंचाही तिसरा हिस्सा मिळायचा आणि तो कायमचा, तिच्या मालकीचा. जमिनीचा तिसरा हिस्सा हयातीपुरता, सामानाचा तिसरा हिस्सा कायमचा. "विधवेचा तिसरा हिस्सा" एवढंच लिहून पुढे जाणाऱ्यांनी आधी सांगावं की ते कशाच्या हिश्शाबद्दल बोलत आहेत. डर्बीशर यॉर्कच्या प्रांतात नव्हतं, म्हणून बेसच्या हकिकतीत हा रिवाज येत नाही.

आता तिच्या चार वैधव्यांकडे पाहू. तिला प्रत्येक नवऱ्याकडून वेगळ्या प्रकारचं काही मिळालं, म्हणूनच तिच्यावरून हे समजावणं सोपं जातं.

पहिला नवरा रॉबर्ट बार्ली. कोवळ्या वयात लग्न, आणि १५४४ मध्ये तो गेला. तिच्या हक्काचं डॉवर सुखासुखी मिळालं नाही. त्यासाठी तिला कोर्टात जावं लागलं. मिळालं तेही हयातीपुरतंच.

दुसरा विल्यम कॅव्हेंडिश, राजदरबारी खजिन्यातला मोठा अधिकारी. तिच्या सगळ्या मुलांचा बाप हाच. दोघांनी १५४९ मध्ये ६०० पौंडांना डर्बीशरमधली चॅट्सवर्थ ही इस्टेट घेतली आणि तिथे घर बांधायला काढलं. १५५७ मध्ये तो गेला तेव्हा चॅट्सवर्थ बेसकडे आलं, पण तिच्या हयातीपुरतं. नंतर ते थोरल्या हेन्रीचं. हे वाक्य कृपया पुन्हा वाचा. पुढे कितीतरी वर्षं ती त्या घरावर खर्च करत राहिली, ते वाढवत राहिली, पण ते घर कुणाला द्यायचं हा निर्णय तिच्या हातात कधीच नव्हता.

तिसरा विल्यम सेंट लो. तो १५६५ च्या सुमारास गेला आणि त्याने सगळं तिलाच लिहून दिलं होतं. त्याच्या भावाला हे फार झोंबलं. १५४० च्या कायद्याने जमीन मृत्युपत्राने देण्याची वाट मोकळी झाली नसती तर हे शक्यच नव्हतं. इथे तिला प्रथमच नवऱ्याकडून हयातीचा हक्क नाही तर पूर्ण मालकी मिळाली. "चारही नवऱ्यांकडून सारखंच मिळालं" म्हणणारे ही गोष्ट सोडून देतात.

चौथा श्रूजबरीचा सहावा अर्ल जॉर्ज टॅल्बट. १५६७ चं लग्न, पुढे कडाक्याचं भांडण, वेगळं राहणं, आणि नोव्हेंबर १५९० मध्ये त्याचा मृत्यू. त्याच्या जमिनींतून जॉइंचर मिळालं आणि ते मोठं होतं. नवा अर्ल गिल्बर्ट एकाच वेळी तिचा सावत्र मुलगा आणि जावई होता. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या त्या याच जॉइंचरमुळे. सासू जिवंत असेपर्यंत इस्टेटीचा तेवढा भाग त्याला वाट पाहायला लावणार होता, आणि त्याने सतरा वर्षं वाट पाहिली. १३ फेब्रुवारी १६०८ ला ती गेली आणि त्या जमिनींवरचा तिचा हक्क संपला. मृत्युपत्रात त्याबद्दल काही लिहून उपयोग नव्हता.

मग हार्डविक? हे तिचं माहेर. भाऊ जेम्स कर्जात बुडून तुरुंगात मेला आणि १५८३ मध्ये हार्डविक ९,५०० पौंडांना घेतलं गेलं, तेही मधला मुलगा विल्यम याच्या नावे. स्वतःच्या नावे का नाही? कारण तेव्हा ती विवाहित होती आणि तिच्या नावे घेतलेलं नवऱ्याच्या हातात गेलं असतं. म्हणजे हार्डविक विल्यमच्या वाट्याला येणार हे मृत्युपत्राच्या कितीतरी आधी पक्कं झालं होतं. १५९० नंतर जॉइंचरचा खंड येऊ लागला आणि तिथे रॉबर्ट स्मिथसनच्या आराखड्याचा नवा वाडा उभा राहिला, प्रचंड खिडक्यांचा, वर गच्चीच्या कठड्यात तिच्या नावाची आद्याक्षरं असलेला. टॅल्बटांची जमीन टॅल्बटांकडे परत गेली. तिचा सतरा वर्षांचा खंड मात्र दगड-काचेच्या रूपात कॅव्हेंडिशांकडे राहिला. ही बाई नुसती नशीबवान होती असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. हयातीच्या हक्कातून कायमची मालमत्ता कशी काढायची हे तिच्याइतकं नेमकं फार थोड्यांनी ओळखलं.

आता तिचं मृत्युपत्र. तारीख २७ एप्रिल १६०१. सोबत चॅट्सवर्थ, हार्डविक आणि ओल्डकोट्स या तीन घरांतल्या सामानाची खोलीवार यादी. तिच्या मृत्युपत्राचा जीव या सामानात आहे. तिच्या झोपायच्या खोलीतले लाल लोकरी पडदे, पलंगाभोवतीच्या घोंगड्या, उशा-लोड, टेबलांवर पसरलेले गालिचे. लांबलचक दालनात टांगलेल्या बायबलमधल्या गिडियनच्या कथेच्या तेरा टॅपेस्ट्रीज (चित्रं विणलेले भिंतीवरचे पडदे) तिने १५९२ मध्ये हॅटन घराण्याच्या वारसाकडून घेतल्या होत्या, आणि त्यांवरची हॅटनची चिन्हं बदलून आपली लावावी लागणार म्हणून किमतीत पाच पौंड सूटही मिळवली होती. हार्डविकचं सामान घरातच राहावं आणि घराबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जावं, असं तिने लिहून ठेवलं. त्यामुळे त्या टॅपेस्ट्रीज आजही तिथेच आहेत.

माणसांना दिलं तेही असंच: पैसे आणि वस्तू. राणी एलिझाबेथला सोन्याच्या पेल्यासाठी २०० पौंड. नात आर्बेला स्टुअर्टला १,००० पौंड, शिवाय मोती आणि दागिने. अशा घरांतल्या नोकरमाणसांसाठी त्या काळात शोकाचं काळं कापड, बाकी पगार, वर थोडे रोख पैसे आणि अंथरूण-पांघरूण ठेवण्याची रीत होती. याला किरकोळ दान समजू नका. मालकिणीचा मखमली झगा खास दासीच्या वर्षभराच्या पगारापेक्षा सहज महाग असायचा, आणि पिसांची गादी ही पिढीला पुरणारी मिळकत होती. या वस्तू विधवेच्या निखळ मालकीच्या होत्या, म्हणूनच नोकरांची नावं तिच्या मृत्युपत्रांत एवढ्या आपुलकीने येतात. देता येण्यासारखं तिच्याकडे हेच होतं, आणि हेच ती मोजून-मापून, नाव घेऊन देत असे.

मालकी आणि हयातीचा हक्क यांतला फरक सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो १६०३ मध्ये. आर्बेलाने आजीच्या परवानगीवाचून सीमोर घराण्यात लग्न जमवायचा घाट घातला, आणि मार्चमध्ये हेन्रीने तिला हार्डविकमधून पळवून न्यायचा प्रयत्न केला. तो फसला. २० मार्चला बेसने पुरवणी लिहून दोघांची नावं कापली. आर्बेलाचे पैसे आणि दागिने गेले. हेन्रीसाठी ठेवलेलं चॅट्सवर्थचं सामानही त्याच्या हातून निसटलं. पण खुद्द चॅट्सवर्थ? त्याला ती हात लावू शकली नाही. रागाच्या भरातसुद्धा नाही, कारण ते तिचं नव्हतंच. पलंग, पडदे, चांदी हे सगळं ती थोरल्या मुलाकडून काढून घेऊ शकत होती. भिंती आणि जमीन नाही. १६०८ मध्ये आई गेली आणि चॅट्सवर्थ कायद्याने हेन्रीकडे आलं.

"बेसने मृत्युपत्रात चॅट्सवर्थ विल्यमला दिलं" हे विधान अजून इतक्यांदा का सापडतं, त्याचं कारण सरळ आहे. विल्यम पुढे डेव्हनशरचा पहिला अर्ल झाला आणि त्याच्या वंशजांकडे दोन्ही घरं एकत्र दिसतात. हार्डविक १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे जाईपर्यंत त्यांच्याकडे होतं, चॅट्सवर्थ आजही त्या घराण्याशी जोडलेलं आहे. शेवट पाहून लोक सुरुवात ठरवतात. प्रत्यक्षात विल्यमने ते घर आईकडून मिळवलंच नाही. १६०९ मध्ये त्याने ते हेन्रीकडून पैसे मोजून विकत घेतलं.