उपचारांनंतर पालक व मुलाच्या चिंतेचा परस्परप्रभाव

मुलाची चिंता उपचारांनी ओसरू लागली की पालकाचीही हलकी होते, आणि पालकाच्या चिंतेत पडलेला फरक पुन्हा मुलापर्यंत पोहोचतो. या दुहेरी प्रवाहाचा अभ्यास बालमानसशास्त्रात होतो. पूर्वी भर एकाच दिशेवर होता: पालक घाबरट, म्हणून मूल घाबरट. या समजुतीने कितीतरी आईवडिलांना विनाकारण अपराधी ठरवले.

या देवघेवीचा दुवा म्हणजे ‘सांभाळून घेणे’. रात्री अंथरुणातून मूल विचारते, “दार लावलंय ना?” आई “हो” म्हणते. पाचव्यांदा विचारल्यावर ती उठून कडी हलवून दाखवते. मुलाला घटकाभर बरे वाटते, आईलाही. म्हणूनच सवय दोघांनाही जडते. पण आपल्या शंकेत तथ्य होते, एवढेच मूल यातून शिकते.

बोधात्मक वर्तन उपचारात (सीबीटी) मूल भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायला शिकते. प्रश्न कमी होतात आणि पालकाचा सततचा पहारा सैल पडतो. वेंडी सिल्व्हरमन व सहकाऱ्यांच्या २००९ मधील अभ्यासात मुलाकडून पालकाकडे जाणारा हा प्रभाव दिसला. मूल सुधारल्यावर पालकही बदलले होते.

उलट दिशाही तितकीच खरी आहे. व्हेनेसा कोभम, मार्क डॅड्स व सुझन स्पेन्स यांच्या १९९८ च्या अभ्यासात केवळ मुलावर उपचार झाल्यावर, पालक चिंताग्रस्त नसतील तर ८२ टक्के मुले चिंताविकारातून बाहेर आली. पालक चिंताग्रस्त असतील तर ३९ टक्केच. अशा पालकांना स्वतःच्या चिंतेवर ताबा मिळवायला शिकवल्यावर हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. पुढे कालांतराने दोन्ही उपचारपद्धतींतले अंतर कमी झाले, हेही नमूद करायला हवे.

यात आनुवंशिकता किती? थालिया ईली व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये स्वीडनमधील जुळ्यांच्या कुटुंबांचा अभ्यास मांडला. पालकांची चिंता किशोरवयीन मुलांत उतरण्यामागे त्यांना जनुकांपेक्षा घरातल्या सहवासाचा वाटा ठळक दिसला. पालकांना दोष देण्यासाठी हा निष्कर्ष वापरणे चूक आहे. सहवासातून आलेली गोष्ट सहवासातच बदलता येते, हा त्यातला दिलासा मोठा आहे.

येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी ‘स्पेस’ हा कार्यक्रम याच धाग्यावर उभारला. त्यात मूल उपचारकाकडे जातच नाही. पालक सांभाळून घेणे कमी करत मुलावर विश्वास दाखवायला शिकतात. १२४ मुलांवरील २०२० च्या चाचणीत हा कार्यक्रम मुलाला थेट दिलेल्या सीबीटीपेक्षा कमी ठरला नाही.

उपचार संपल्यानंतरचे पहिले काही आठवडे नाजूक असतात. मूल आता एकदाच विचारते, आई म्हणते, “तुला काय वाटतं?” आणि स्वतः जागी राहते. प्रश्न पुन्हा येत नाही, तरी तिचे कान दाराकडेच. न राहवून ती उठते, कडी वाजते, आणि झोपेला लागलेले मूल डोळे उघडते. अशा रात्री मागे पडल्यासारखे वाटते, पण मुलाने शिकलेले पुसले जात नाही. म्हणून जाणकार उपचारक पाठपुराव्याच्या भेटीत मुलाइतकीच पालकाच्या झोपेचीही चौकशी करतात.