व्होल्टेज कन्व्हर्टरचा बिघाड आणि त्याच्या निदानाची पार्श्वभूमी

पेट्रोलच्या गाडीत बॅटरी चार्ज होत नसेल, तर त्याचे कारण शोधणे कित्येक दशके सोपे होते. इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारा अल्टरनेटर डोळ्यांना दिसत असे, त्याचा पट्टा हाताने दाबून पाहता येत असे, आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टीमीटर धरला की साधारण 14 व्होल्ट मिळतात की नाही, यावर बहुतेक निकाल लागत असे. डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस विक्रीला आली आणि तिच्यात अल्टरनेटरच उरला नाही. 288 व्होल्टच्या मुख्य बॅटरीतली वीज 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीसाठी उतरवून देण्याचे काम डीसी-डीसी कन्व्हर्टरकडे गेले. त्याला पट्टा नाही, फिरणारा भाग नाही आणि बिघडण्यापूर्वी येणारा आवाजही बहुधा नाही.

2003 मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसने हे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे केले. तिची बॅटरी 201.6 व्होल्टची, म्हणजे आधीपेक्षा लहान होती, पण मोटरला मात्र 500 व्होल्टपर्यंत वीज मिळत होती. मधला फरक भरून काढणारा बूस्ट कन्व्हर्टर हीच तिची मुख्य नवलाई होती. व्होल्टेज वाढले की तेवढ्याच शक्तीसाठी करंट कमी लागतो आणि उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज घटते, हा त्यामागचा साधा हिशेब होता. 2009 च्या तिसऱ्या पिढीत हा आकडा 650 व्होल्टपर्यंत पोहोचला. मात्र दाब (म्हणजे व्होल्टेज) चढवणारे सर्किट, तो 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी उतरवणारे सर्किट आणि बॅटरीच्या डीसी विजेची मोटरसाठी एसी वीज करणारा इन्व्हर्टर हे सगळे एकाच ॲल्युमिनियमच्या खोक्यात, एकाच कूलंटच्या भरवशावर काम करू लागले. निदानातील आजच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या एकत्रीकरणात आहे, असे मला वाटते.

खोके उघडून पाहण्याची सोय नसल्याने मेकॅनिकला गाडीच्या संगणकाने नोंदवलेल्या फॉल्ट कोडवर विसंबावे लागते. हे कोड ज्या ओबीडी-2 या गाडीतल्या स्वयंनिदान व्यवस्थेतून येतात ती अमेरिकेत 1996 पासून सक्तीची झाली, ती धुरावर नजर ठेवण्यासाठी. हायब्रिडसाठी ‘पी0ए’ने सुरू होणारे कोड तिच्यात नंतर जोडले गेले. त्यांतला पी0ए94 कन्व्हर्टरच्या कामगिरीत दोष असल्याचे सांगतो, पण दाब जास्त झाला, करंट वाढला की तापमान चढले, हे टोयोटाच्या त्या काळच्या गाड्यांत तीन आकडी उपकोडवरून कळत असे, आणि साधा स्कॅनर तो उपकोड दाखवत नसे. त्यामुळे एकच कोड पाहून कोणी पूर्ण इन्व्हर्टर बदलायला सांगे, तर कोणी वायरचा सैल जोड शोधून काढी. दोघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कूलंट पंपाचे आहे. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये इन्व्हर्टर थंड ठेवणारा विजेवरचा पंप बंद पडत असे आणि 2012 मध्ये टोयोटाला त्यासाठी रिकॉल काढावा लागला. पंप थांबला की कन्व्हर्टर तापतो, संगणक शक्ती कमी करतो आणि संशय कन्व्हर्टरवर जातो. जाणकार मेकॅनिक मात्र गाडी ‘रेडी’, म्हणजे सुरू करून निघायला तयार, अवस्थेत ठेवून इन्व्हर्टरच्या कूलंट टाकीचे झाकण उघडतो आणि आत द्रव खळबळतो आहे का ते पाहतो. पाणी स्तब्ध असेल, तर पंप किंवा त्याची वीज तपासायची, महागड्या खोक्याला हात लावायचा नाही.

इन्सुलेशनच्या दोषाचा पी0एए6 हाही असाच फसवा कोड आहे. उच्च दाबाच्या वाहिनीवर कन्व्हर्टरखेरीज बॅटरी, मोटर आणि एसीचा कॉम्प्रेसरही असतो, आणि गळती यांपैकी कुठूनही होऊ शकते. भारतातील एआयएस-038 हे मानक डीसी सर्किटसाठी दर व्होल्टमागे किमान 100 ओहम रोध मागते. प्रत्यक्ष मोजणीपूर्वी मुख्य बॅटरीचा पुरवठा तोडणारा सर्व्हिस प्लग काढून, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होण्यासाठी निर्मात्याने सांगितलेली, बहुधा 5 ते 10 मिनिटांची वाट पाहावी लागते, आणि दाब खरोखर शून्यावर आला आहे हे वीजरोधक हातमोजे घालून मीटरने पडताळावे लागते. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि माणसाचा जीव धोक्यात येतो.

फेब्रुवारी 2014 मध्ये निदानाची मर्यादा उघड झाली. टोयोटाने तिसऱ्या पिढीच्या सुमारे 19 लाख प्रियस परत बोलावल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जपानमधल्या होत्या. बूस्ट कन्व्हर्टरचे नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे काही ट्रान्झिस्टरवर उष्णतेचा अतिरिक्त ताण येत होता. उपाय होता सॉफ्टवेअर बदलण्याचा. त्याने पुढचा ताण कमी होतो, पण आधीच्या वर्षांत ट्रान्झिस्टर किती थकला आहे, हे कुठल्याही गॅरेजात मोजता येत नव्हते. कोड उमटे तो नुकसान झाल्यावर. ऑक्टोबर 2018 मध्ये आधीच्या दुरुस्त्यांत न धरलेल्या परिस्थितीसाठी जगभरच्या सुमारे 24 लाख हायब्रिड गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या, कारण बिघाडाच्या वेळी त्या ठरल्याप्रमाणे कमी शक्तीवर चालत राहण्याऐवजी थांबू शकत होत्या.

पूर्ण विजेवरच्या गाड्यांत अडचण वेगळी आहे. त्या धूर सोडत नाहीत, म्हणून धुरासाठी घडलेली ओबीडीची सक्ती त्यांना लागू होत नाही, आणि कन्व्हर्टरची माहिती बहुतांशी निर्मात्याच्याच स्कॅनरमध्ये अडकून पडते. कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये संमत केलेल्या नियमांत 2026 च्या मॉडेलपासून अशा गाड्यांनाही प्रमाणित माहिती देणे बंधनकारक केले. स्वतंत्र गॅरेजांच्या दृष्टीने हा बदल फार उशिरा आला.

भारतीय ग्राहकांपर्यंत हा विषय ठळकपणे पोहोचला तो 2024 मध्ये. ह्युंदाईने जूनमध्ये 1,744 आयोनिक 5 गाड्या आयसीसीयू या एकत्रित चार्जिंग युनिटसाठी परत बोलावल्या. या युनिटमधला 12 व्होल्टचा कन्व्हर्टर बंद पडला की छोटी बॅटरी हळूहळू उतरते, इशारा येतो आणि गाडीची शक्ती कमी होत जाते. नुसती ती बॅटरी बदलून काहीच साधत नाही, कारण नवी बॅटरीही तशीच उतरते. म्हणून गाडी ‘रेडी’ असताना छोट्या बॅटरीच्या टर्मिनलवरचा दाब आधी मोजावा लागतो. तो 12 च्या आसपासच राहून खाली घसरत असेल, तर बॅटरीऐवजी कन्व्हर्टर आणि त्याचा फ्यूज तपासायचा असतो.