शुगरचा आकडा अचानक बदलला? आधी गोळ्यांची पिशवी बघा

"मागच्या महिन्यात 130 व्हती, आज 210 कशी काय? मशीन बिघडली की काय तुमची?" आमच्या उदगीरच्या लॅबमध्ये हा प्रश्न ठरलेला. मशीन आम्ही रोज सकाळी पहिला नमुना लावायच्या आधी कंट्रोलवर, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेल्या नमुन्यावर, तपासून घेतो. तरीही शंका असेल तर त्याच नमुन्यावर पुन्हा टेस्ट लावतो, त्याचे पैसे घेत नाही. आकडा बहुधा तोच येतो. मग अर्धा तास चौकशी झाल्यावर सोबतचं माणूस हळूच सांगतं, "ती एक डोक्याची गोळी लागलीय त्यांना." हा अर्धा तास तुमचाही जातो, आमचाही, आणि मागे रांग उभी असते.

ही डोक्याची गोळी म्हणजे बहुधा नैराश्यावरची, आणि अशा गोळ्यांनी शुगर खालीवर होऊ शकते. प्रत्येकाची होते असं नाही, आणि सगळ्या गोळ्या सारख्याही नाहीत. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या किंवा मिर्टाझापिन घेतल्यावर अनेकांची भूक वाढते, वजन चढतं आणि मागोमाग शुगर. फ्लुओक्सेटिनचं उलटं: चालू असताना शुगर उतरू शकते, बंद केली की चढू शकते. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी असेल तर जास्त जपायचं.

"मला कुठं डिप्रेशन आहे?" असं म्हणून पुष्कळजण अशा गोळीचा प्रश्नच टाळतात. पण तळपायाची आग, मुंग्या यांच्यासाठी रात्री दिलेली अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन ही त्याच जातीची गोळी असते. ड्युलोक्सेटिनने उपाशीपोटीची शुगर किंचित वाढू शकते. शुगरमुळे आलेल्या मुंग्यांची गोळीच शुगर वाढवते, हे ऐकून लोक हसतात, पण आहे ते असं आहे.

उलट बाजूला, शुगर उतरून अंगाला घाम, हाताला थरथर, छातीत धडधड सुरू झाली की घरचे म्हणतात, "टेन्शन घेतलंय, पडू द्या जरा." तसं पडू देऊ नका. आधी बोटातून शुगर बघा. 70 च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

रिपोर्ट बघून मनानेच गोळी बंद करू नका. काही गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, घाम, बेचैनी येते. शिवाय मन खचलेल्या माणसाची भाकरीची वेळ चुकते, झोप उडते, शुगरची गोळी राहून जाते, त्यानेही शुगर चढतेच. मन ताळ्यावर आलं की ती उतरूही शकते. डोस कोणत्या गोळीचा बदलायचा ते डॉक्टर ठरवतील. लॅबवाल्याने ते सांगू नये, आम्ही सांगतही नाही.

आमच्या चिठ्ठीवर "नवीन औषध चालू, बंद किंवा बदल?" असा रकाना आहे. काहींना ती भोचक चौकशी वाटते. गावात बभ्रा होईल ही धास्ती आम्हाला कळते, म्हणून नाव मोठ्याने विचारत नाही. कागदावर लिहून द्या किंवा मोबाइलमधला स्ट्रिपचा फोटो दाखवा. रिपोर्टवर त्या गोळीचं नाव छापलं जात नाही.

अशी गोळी सुरू होणार असेल तर आधी उपाशीपोटीची, जेवणानंतर दोन तासांची आणि एचबीएवनसी अशा तिन्ही तपासण्या करून ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा एचबीएवनसी करून पैसे घालवू नका. ती साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तोवर साधी शुगर पुरे. तुमचे जुने रिपोर्ट आमच्याकडे असतात, मागचे आकडे शेजारी मांडून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत लवकर या, सकाळी 7 ला नमुने घेणं सुरू होतं. येताना गोळ्यांच्या स्ट्रिप आणा, रिकाम्या असल्या तरी चालतील.