क्रूझला निघण्यापूर्वी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आणि पुन्हा जाणाऱ्यांसाठीही

क्रूझची चौकशी करायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "माणशी किती?" आम्ही त्याआधी विचारतो, "कोण कोण येणार आहे?" गुडघे दुखणाऱ्या आजी, बोट लागणारी मावशी, इन्सुलिन घेणारे काका, दीड वर्षाचं बाळ. तुमच्या गटात ज्याला सगळ्यांत जास्त त्रास होऊ शकतो, त्याच्या सोयीने महिना, केबिन आणि मार्ग ठरवा. बाकीच्यांची सहल मग चांगलीच होते. हे माहितीपत्रक आम्ही त्याच विचाराने लिहिलं आहे.

यातलं बरंचसं मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जाणाऱ्या क्रूझबद्दल आहे, कारण पुण्यातले आमचे बहुतेक ग्राहक पहिल्यांदा तिकडेच जातात. परदेशी क्रूझसाठी जिथे वेगळी काळजी घ्यावी लागते, तिथे तसं सांगितलं आहे.

महिना कोणता घ्यावा

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आमच्या मते पहिल्या क्रूझसाठी सर्वांत चांगले महिने: समुद्र शांत, डेकवर ऊन सोसवतं. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते म्हणून गर्दी होते, पण दुपारी डेकवर उभं राहवत नाही आणि महिन्याच्या शेवटी समुद्राचा भरवसा नसतो. घरात वयस्कर माणसं असतील तर मुलांची दिवाळीची नाहीतर नाताळची सुट्टी बघा.

बोट लागणं

मोठ्या जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. जहाज डावी-उजवीकडे डोलतं, ते त्यांच्यामुळे बरंच कमी होतं. पुढचं टोक वर-खाली होतं, त्यावर मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून ज्याला त्रास होतो त्याची केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर, म्हणजे खालच्या मजल्यावर हवी. अगदी पुढची आणि अगदी वरची केबिन त्याच्यासाठी नको, मग ती कितीही महाग आणि देखणी असो.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये कुणाला मळमळत असेल, किंवा ताम्हिणी घाटात गाडी थांबवावी लागत असेल, तर आम्हाला बुकिंगच्या वेळीच सांगा. गोळी कोणती घ्यायची हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदू किंवा इतर गोळ्या चालू असलेल्यांनी तर नक्कीच विचारावं, कारण या औषधांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं आणि काहींना लघवीला अडचण होते. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा फायदा नसतो, जहाज सुटण्याआधी घ्यायची असते. आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवा. रिकाम्या पोटी राहू नका, तळकट खाऊ नका आणि केबिनमध्ये मोबाइलकडे बघत पडून राहण्यापेक्षा डेकवर येऊन क्षितिजाकडे नजर ठेवा.

मोठ्या जहाजावर आधी प्रवास केलेल्यांसाठी एक सूचना. सिंगापूरहून साडेतीनशे मीटरच्या आसपास लांबीची जहाजं सुटतात. २०२१ च्या सप्टेंबरपासून आपल्याकडे चालणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाज १९९० सालचं आहे आणि सुमारे २११ मीटर लांब आहे. समुद्र तोच असला तरी लहान जहाजावर हालचाल जास्त जाणवते. "मागच्या वेळी काहीच झालं नव्हतं" म्हणून गोळ्या घरी ठेवून जाऊ नका.

केबिन

आतली केबिन, खिडकीची केबिन, बाल्कनीची केबिन आणि स्वीट असे साधारण चार प्रकार असतात. आतल्या केबिनमध्ये दिवा घालवला की मिट्ट काळोख होतो. काहींना त्यात छान झोप लागते, काहींचा जीव घाबरतो. ज्येष्ठांसाठी निदान खिडकी असावी असा आमचा आग्रह असतो. सकाळ झाली की नाही हे कळलं तरी माणसाला बरं वाटतं.

जहाजाचा नकाशा बघताना आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा. वरही केबिन आणि खालीही केबिन असेल तर शांतता मिळते. वर पोहण्याचा तलाव असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर रात्री उशिरापर्यंत झोप नाही. खिडकीच्या काही केबिनसमोर लाइफबोट टांगलेली असते, त्या थोड्या स्वस्त मिळतात. केबिन नंबर न देता दिलेलं स्वस्त तिकीट धडधाकट तरुणांनी खुशाल घ्यावं, पण आजी-आजोबा सोबत असतील तर घेऊ नये, कारण मग लिफ्टपासून किती चालावं लागेल हे आपल्या हातात राहत नाही.

बाथरूमबद्दल नीट वाचा, कारण पडण्याचे प्रकार तिथेच होतात. जहाजावरच्या बाथरूमला बहुधा उंबरा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. घरी आपल्याला त्याची सवय नसते, आणि रात्री झोपेत उठलेला माणूस नेमका तिथे ठेचकाळतो. पहिल्याच दिवशी ज्येष्ठांना तो उंबरा दाखवा, हात कुठे धरायचा ते दाखवा आणि रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवा. ज्यांना पाय उचलणं जमत नाही त्यांच्यासाठी उंबरा नसलेल्या, व्हीलचेअर आत जाईल अशा केबिन असतात. त्या मोजक्या असतात आणि लवकर भरतात. परदेशी जहाजांवर संडासात जेट स्प्रे बहुधा नसतो, तेव्हा एक छोटा प्लॅस्टिकचा मग बॅगेत टाका. फ्लश हवेच्या दाबावर चालतो, मोठा आवाज होतो. लहान मुलांना आधी सांगून ठेवा. कागदाशिवाय त्यात काहीही टाकू नका. एका डायपरने शेजारच्या केबिनचेही संडास तुंबतात.

डेकवर उघडणारी दारं जड असतात आणि वाऱ्याने जोरात आपटतात. दार नेहमी हँडलला धरायचं, कडेला नाही. मुलांची बोटं जपा.

बॅगा भरताना

बंदरात मोठ्या बॅगेला केबिन नंबरची चिठ्ठी लावून ती तुमच्याकडून घेतात. ती केबिनच्या दाराशी पोचायला काही तास लागतात. तोपर्यंत लागणारं सगळं हातातल्या पिशवीत हवं: ओळखपत्रं, औषधं, चार्जर, बाळाचं खाणं आणि एक बदलायचा कपडा. औषधं मूळ पट्टीसह आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. इन्सुलिन असेल तर आधी कळवा. केबिनमधला छोटा फ्रीज पुरेसा गार असेलच असं नाही, औषधांसाठी वेगळी सोय मागता येते.

जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी. त्यामुळे इस्त्री, किटली, इंडक्शन शेगडी आणि मेणबत्ती नेता येत नाही. रोज पूजा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की निरांजन आणि उदबत्तीही चालत नाही. बाहेरून दारू आणण्याबाबतही कडक नियम असतात. घरच्या खाण्याचे नियम कंपनीनुसार बदलतात. बंद पाकिटातला कोरडा खाऊ बहुधा चालतो, डब्यातली पुरणपोळी अडवली जाऊ शकते.

उपवास असेल तर तारीख आधीच बघा. एकादशीला किंवा संकष्टीला बुफेवर फळं, दही, दूध नक्की मिळतं, साबुदाण्याची खिचडी मिळेलच असं नाही. राजगिऱ्याच्या लाडूची बंद पाकिटं सोबत ठेवा. जैन जेवण किंवा कसली ॲलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळी सांगावं लागतं, ताटावर बसून नाही. जेवणापूर्वी हात साबण-पाण्याने धुवा. जहाजावर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरपेक्षा साबण जास्त उपयोगी पडतो.

आतला एसी कडक असतो. एक शाल किंवा स्वेटर प्रत्येकाकडे हवाच. चपला न घसरणाऱ्या आणि मागे पट्टा असलेल्या घ्या.

निघण्याचा दिवस

मुंबईत जहाज बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलला लागतं, सीएसएमटीपासून टॅक्सीने थोडंसंच अंतर आहे. पुण्याहून एक्सप्रेसवेने त्याच दिवशी निघणार असाल तर घाटातल्या खोळंब्याची जोखीम तुमची. आम्ही सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन सुचवतो, नाहीतर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम. विमानतळासारखीच सामानाची आणि कागदांची तपासणी होते. दिलेल्या वेळेनंतर प्रवेश बंद होतो आणि तो पुन्हा उघडत नाही, पैसेही परत मिळत नाहीत. देशांतर्गत क्रूझलाही मूळ ओळखपत्र लागतं. लहान मुलांचं आधार किंवा जन्मदाखला विसरू नका.

गरोदर स्त्रियांना साधारण २४ आठवड्यांनंतर आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत. आठवड्यांची मोजणी परतीच्या दिवसापर्यंत करतात, निघण्याच्या दिवसापर्यंत नाही.

सुरक्षेची कवायत टाळू नका

जहाज सुटण्याआधी प्रत्येक प्रवाशाला आपली जमण्याची जागा, म्हणजे मस्टर स्टेशन, पाहावी लागते. अनेकदा प्रवास केलेली मंडळी ही कवायत चुकवायला बघतात. त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की असं करू नका.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमानुसार ती २४ तासांत केली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच कवायत घेणं बंधनकारक आहे.

धोक्याची खूण सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा अशी असते. ती ऐकली की सामान सोडायचं, लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने मस्टर स्टेशनवर जायचं. केबिनपासून तिथपर्यंतचा रस्ता सगळ्या कुटुंबाने एकदा चालून बघा. जिना उतरता न येणारं कुणी असेल तर स्वागतकक्षात पहिल्याच दिवशी सांगा. अशा प्रवाशांना नेण्यासाठी कर्मचारी नेमलेले असतात, पण त्यांना तुमचा केबिन नंबर माहीत असायला हवा.

बंदरात उतरताना

गोव्यात जहाज मुरगाव बंदरात, वास्कोजवळ लागतं. पणजी तिथून ३० किलोमीटरच्या आसपास आहे. एका दिवसात जुनं गोवं, मंगेशी आणि कळंगुट असं सगळं करायचा हट्ट धरू नका. एक देऊळ किंवा एक चर्च, शांतपणे जेवण आणि परत, एवढंच नीट होतं.

लक्षद्वीपची गोष्ट वेगळी. अगत्तीजवळ जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून बेटावर नेतात. ही बोट जहाजाच्या कडेला खाली-वर होत असते. खलाशी दोन्ही हात पुढे करतो आणि "आता" म्हणतो, त्या क्षणी पाऊल टाकायचं असतं. त्याच्या मनगटाला धरा, हातात मोबाइल, पर्स, काठी काही नको. ज्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी जहाजावरच थांबावं असं आम्ही स्पष्ट सांगतो. त्या दिवशी जहाज जवळजवळ रिकामं असतं आणि डेकवरून निळं-हिरवं पाणी मनसोक्त बघता येतं. लाटा मोठ्या असतील तर कप्तान बेटावर उतरणंच रद्द करतो. त्या निर्णयावर वाद घालू नका, आणि फक्त लक्षद्वीपसाठी म्हणून क्रूझ घेत असाल तर ही शक्यता धरूनच घ्या.

प्रवाळाचा तुकडा मेलेला, वाळूत पडलेला असला तरी उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ संरक्षित आहे. पाण्यात उभं राहताना पाय वाळूवर ठेवा, प्रवाळावर नाही.

कुठल्याही बंदरात जहाजाचं घड्याळ पाळा. परदेशात मोबाइल स्थानिक वेळ दाखवतो आणि जहाजाची वेळ वेगळी असू शकते, म्हणून एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतः टॅक्सी करून गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं, आणि पुढचं बंदर तुम्हाला स्वतःच्या खर्चाने गाठावं लागतं. ठरलेल्या वेळेच्या निदान एक तास आधी परत या.

मोबाइल आणि बिल

किनारा दूर गेला की मोबाइल जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि रोमिंगचं बिल भरमसाट येतं. जहाज सुटताना फ्लाइट मोड लावा, हवं तर वायफाय घ्या. घरच्यांना आधीच सांगा की दोन दिवस फोन लागणार नाही.

जहाजावर खरेदी जहाजाने दिलेल्या कार्डावर होते. तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र. मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करून घ्या. दर एक दिवसाआड स्वागतकक्षात बिल बघून घेतलं तर चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. तिकिटाच्या दरात पोर्ट चार्जेस, कर आणि सेवाशुल्क धरलं आहे का, हे आम्हालाच नव्हे, कुणाकडेही बुकिंग करताना विचारा. दर एका केबिनमध्ये दोन माणसं धरून असतो, एकट्याला म्हणून बरंच जास्त पडतं.

परदेशी क्रूझचे व्हिसा

सिंगापूरहून निघून सिंगापूरला परत येणं म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश. व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा आणि अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाआधी भरायचा ऑनलाइन अर्ज, परतताना पुन्हा भरायचं. ग्रीसहून तुर्कस्तानला जाऊन परत येणाऱ्या क्रूझला शेंगेन व्हिसाही (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकच व्हिसा) अनेक प्रवेशांचा लागतो.

अमेरिकेत मुलाकडे गेलेले आई-बाबा अलास्का क्रूझ करतात, तेव्हा सर्वांत जास्त गोंधळ होतो. १८८६ च्या अमेरिकन कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेल्या जहाजाला वाटेत परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून सिअ‍ॅटलहून सुटणारी जहाजंही कॅनडात, बहुधा व्हिक्टोरियाला थांबतात. अमेरिकेचा व्हिसा असून कॅनडाचा नसला तर जहाजावर चढूच देत नाहीत. हा व्हिसा पुण्यातून निघण्यापूर्वीच काढा.

प्रवास विमा घेताना त्यात क्रूझ आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का ते तपासा. जहाजावरचा डॉक्टर मोफत नसतो.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी उद्याचे कपडे, चपला, औषधं आणि ओळखपत्रं बाजूला काढा. तिजोरी आणि चार्जिंगची जागा दोनदा बघा. परतीची गाडी दुपारनंतरचीच घ्या, कारण उतरायला तुमच्या डेकचा नंबर कधी लागेल हे सांगता येत नाही.

आमच्याकडे बुकिंगला येताना सर्वांची ओळखपत्रं, चालू औषधांची यादी आणि घरातल्या ज्येष्ठांना शक्य असेल तर त्यांनाच घेऊन या. डेकचा नकाशा समोर ठेवून केबिन त्यांच्याशी बोलून ठरवू.