ऊस जाण्याआधीचं डोकं आणि ऊस गेल्यानंतरचं

कर्जमाफीची बातमी आली की तिच्याखाली एक शेरा हमखास सापडतो: यांना कितीही द्या, पैसा हाताळायची अक्कलच नाही. लग्नात उधळतात, अडलं की सावकाराचं दार गाठतात, विम्याचा अर्ज मुदत टळल्यावर आठवतो. यातलं काही खोटं आहे असंही नाही. पण अक्कल कमी म्हणून चणचण, की चणचण आहे म्हणून अक्कल कमी चालते? शेरा मारणारा इथवर जातच नाही. गंमत म्हणजे हे तपासता येतं, आणि तपासलं गेलं ते आपल्या चांगल्या ओळखीच्या पिकात, उसात.

माणसाचं वागणं व्यक्ती आणि तिचा परिसर या दोहोंवर ठरतं, असं कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने 1936 मध्ये सूत्ररूपात मांडलं. ऐकायला साधं आहे, अंगवळणी पडत नाही. दुसऱ्याचं वागणं बघताना आपण स्वभावाला जास्त वजन देतो आणि परिस्थितीला कमी. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये या खोडीला नावही दिलं. तरी लेविनचं सूत्र आकड्यांत उतरवणं अवघडच. गरीब आणि श्रीमंत माणूस शेजारी बसवून चाचणी घेतली, तर त्यांच्यात शाळा, खाणं, आजारपणं, बोली अशा शंभर गोष्टी वेगळ्या असतात. फरक पडला तरी तो कशाचा, हे सांगता येत नाही.

मग एकाच माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली तर? तो काही महिने चणचणीत आणि काही महिने बऱ्या स्थितीत असायला हवा. ऊस उत्पादक नेमका असा असतो. पैसा वर्षातून एकदा येतो आणि पुढची तोड येईपर्यंत पुरवावा लागतो.

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफिर आणि जियायिंग झाओ या संशोधकांनी तमिळनाडूतल्या 54 गावांमधले 464 छोटे ऊस उत्पादक निवडले, ज्यांचं निदान 60 टक्के उत्पन्न उसाचं आहे असे. प्रत्येकाची चाचणी दोनदा घेतली, तोडीआधी आणि तोडीनंतर. निष्कर्ष 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. तोडीआधी यांतल्या 78 टक्के लोकांनी काही ना काही गहाण टाकलेलं होतं, तोडीनंतर 4 टक्क्यांनी. कर्ज आधी 99 टक्के लोकांवर, नंतर 13 टक्के लोकांवर. माणसं तीच.

चाचण्या दोन प्रकारच्या. पहिलीत आकृत्यांची जुळणी: ओळीने चौकटी, प्रत्येकीत आकार काही नियमाने बदलत जातो, शेवटची रिकामी, तिथे काय येईल ते ओळखायचं. अक्षरओळख लागत नाही. दुसरी वरवर पोरखेळ वाटते. कागदावर '5 5 5' असं लिहिलेलं असतं आणि विचारतात, किती आकडे आहेत? उत्तर तीन. पण जिभेवर 'पाच' आलेलं असतं, ते गिळून 'तीन' म्हणायचं, तेही भराभर. हे गिळणं म्हणजेच मेंदूचा लगाम. समोर दिसलं ते लगेच न करता थांबून योग्य ते करणं, याच कामाला तो लागतो.

आकृत्यांच्या 10 प्रश्नांपैकी तोडीआधी सरासरी 4.35 बरोबर आले, तोडीनंतर 5.45. आकड्यांच्या खेळातही तोडीआधी वेळ जास्त लागला आणि चुकाही जास्त झाल्या.

आता मला या प्रयोगातला सगळ्यात आवडलेला भाग. शंकेखोर वाचक म्हणेल, तोडीआधीचा महिना वेगळा आणि नंतरचा वेगळा. ऊन, सण, पाऊस, कशानेही फरक पडेल. इथे उसाने संशोधकांची सोय केली. कारखान्याची गाळप क्षमता मर्यादित असते, म्हणून सगळ्यांचा ऊस एकदम तुटत नाही. आपल्याकडे चीटबॉयच्या, म्हणजे तोडीचं काम बघणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागे फिरून 'तोडणीची टोळी कधी पाठवताय' विचारणाऱ्याला हे सांगायला नको. तमिळनाडूतही तोडी कित्येक महिन्यांत पसरलेल्या असतात. त्यामुळे एकाच आठवड्यात एकाचा ऊस गेलेला असतो आणि बांधापलीकडच्याचा उभा असतो. महिना तोच, ऊन तेच, फरक हातातल्या पैशाचा. दुसरी शंका: दुसऱ्यांदा चाचणी देताना सराव झाला असेल. म्हणून 100 शेतकरी आधीच बाजूला ठेवले आणि त्यांची पहिली चाचणी थेट तोडीनंतर घेतली. त्यांचे गुणही इतरांच्या तोडीनंतरच्या गुणांसारखेच निघाले, म्हणजे सराव बाद. पोटाला कमी मिळालं म्हणून, कष्ट जास्त पडले म्हणून, ताणाने रक्तदाब वाढला म्हणून, हेही तपासलं. ताण तोडीआधी खरोखर जास्त होता, पण तो हिशेबातून वजा केला तरी फरक उरला. ऐन हंगामात गावोगाव फिरून एवढ्या पळवाटा बंद करणं हे प्रयोगशाळेत बसून करण्यापेक्षा किती तरी अवघड.

उरतं ते असं. एका वेळी मनात धरून ठेवता येईल एवढी जागा थोडीच असते. एक अनोळखी फोन नंबर मनात घोळवत भाजीवाल्याशी हिशेब करून पाहा, दोन्हींपैकी एक सांडतं. कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा हप्ता, दुकानदाराची उधारी, पोराची फी हे सगळं असंच घोळत असतं, फक्त ते बाजूला ठेवता येत नाही. बुद्धी कमी होत नाही. ती दुसरीकडे गुंतलेली असते.

अशा दिवसांत कुणी ज्योतिषी साडेसाती सांगतो आणि शांतीचे पैसे घेतो. थकलेल्या उसबिलाला, म्हणजे कारखान्याकडून यायच्या उसाच्या पैशाला, शनीने काय करावं?

अतिरंजन दुसऱ्या बाजूलाही झालं. उसाच्या याच शोधनिबंधात न्यू जर्सीतल्या एका मॉलमधला प्रयोग होता. 'गाडी दुरुस्तीला 1500 डॉलर लागतील, काय कराल?' एवढं विचारल्यावर कमी उत्पन्नवाल्यांचे गुण घसरले. 150 डॉलर म्हटलं तर नाही. त्यावरून 'गरिबीने बुद्ध्यांक 13 अंकांनी घसरतो' असे मथळे झळकले. ते धरून ठेवू नका. 2016 मध्ये अमेरिकेतल्याच कमी उत्पन्नाच्या लोकांची पगाराआधी आणि पगारानंतर चाचणी झाली, तेव्हा विचारशक्तीत फरक दिसला नाही. दोन आठवड्यांच्या पगाराची वाट पाहणं आणि वर्षभर बिलाची वाट पाहणं एकच नव्हे, हे माझं मत. पण तो निकाल झाकून ठेवायचं कारण नाही.

मला जास्त पटणारा पुरावा पुढे ओडिशातून आला. तिथे मजूर सालाच्या पानांच्या पत्रावळ्या काड्यांनी टाचतात, मोबदला नगावर. सुप्रीत कौर, मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी एकूण मजुरी तेवढीच ठेवून काहींना तिच्यातला मोठा हिस्सा काही दिवस आधी दिला. लोकांनी लगेच उधाऱ्या फेडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पत्रावळ्या सरासरी सहा-सात टक्के जास्त निघू लागल्या. टाचण्यातल्या नकळत होणाऱ्या चुकाही कमी झाल्या. पैसा वाढला नव्हता, लवकर आला होता.

केनियाच्या पश्चिम भागात मका पिकवणाऱ्यांना कापणी झाल्या झाल्या 'आत्ता खत विकत घ्या, घरपोच फुकट पोचवतो' असं सांगून पाहिलं. ऐन खताच्या वेळी किंमत निम्म्यावर आणल्याने जेवढा खप वाढला असता, जवळपास तेवढा या फुकट पोचवण्याने वाढला. त्या संशोधकांनी कारण वेगळं दिलं, माणूस आजच्या खर्चाला उद्यापेक्षा जास्त मान देतो असं. उपाय मात्र त्याच दिशेचा: हातात पैसा असतानाच निर्णय उरकून घ्यायचा.

आपल्याकडे कारखाना उसबिलातून सोसायटीचं कर्ज कापून घेतोच. ज्याला हवं त्याच्यासाठी त्याच बिलातून पुढच्या लागणीचं खतही बाजूला काढायची सोय करून पाहायला हरकत नाही. त्यासाठी बिल वेळेवर आलं पाहिजे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत, नाहीतर पुढे 15 टक्के व्याजासह.