अभिलेखांची निंदणी आणि ते पाहण्याचा हक्क

कार्यालयात किंवा संस्थेत साठलेल्या कागदांतले काय जपायचे, काय नष्ट करायचे आणि जपलेले कोणाला, केव्हा दाखवायचे हे ठरवण्याची रीत. यातल्या निवडीच्या कामाला महाराष्ट्रातल्या सरकारी दप्तरात ‘निंदणीकरण’ म्हणतात. शब्द शेतातून आला आहे आणि तो नेमका आहे. भाताच्या खाचरात तण आणि रोप कोवळेपणी इतके सारखे दिसतात की निंदणाऱ्या बाईची नजर मुरलेलीच लागते.

ठाणे जिल्ह्यातल्या तहसील कार्यालयात काम संपलेली नस्ती (म्हणजे फाईल) अभिलेख कक्षात जाण्याआधी तिच्यावर एक अक्षर पडते. ‘अ’ म्हणजे कायम जतन, ‘ब’ म्हणजे ३० वर्षे, ‘क-१’ १० वर्षे, ‘क’ ५ वर्षे आणि ‘ड’ जेमतेम वर्षभर. हे अक्षर बहुतेक वेळा त्या टेबलावरचा लिपिकच लिहितो. इतिहासकार किंवा पुराभिलेखपाल (जुने कागद सांभाळणारा जाणकार) त्या वेळी तिथे नसतो. म्हणून निवडीचा विचार करताना पुराभिलेखागाराच्या दारापासून सुरुवात करणे मला अपुरे वाटते. तिथे पोहोचणारा कागद आधीच एका चाळणीतून गेलेला असतो. मुदत संपली तरी कागद परस्पर फाडता येत नाही. काय नष्ट केले याची यादी आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार बेकायदा नष्ट करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. केंद्र सरकारच्या कागदांसाठी १९९३चा वेगळा कायदा आहे. त्यात १८९२ पूर्वीचा कागद नष्टच करायचा नाही असे म्हटले आहे. अगदी निकामी झालेल्या कागदाचाच तेवढा अपवाद.

निवडीबद्दल दोन जुनी मते आहेत. इंग्लंडचे पुराभिलेखपाल हिलरी जेन्किन्सन म्हणत, कागद सांभाळणाऱ्याने निवडूच नये, कारण निवडीबरोबर त्याचा कल कागदांत शिरतो. अमेरिकेचे टी. आर. शेलेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर, सरकारी कागदांचे डोंगर समोर असताना, उलट मांडणी केली: कार्यालयाच्या कामापुरते मोल वेगळे आणि पुढच्या अभ्यासकाला मिळणारा पुरावा व माहिती यांचे मोल वेगळे, दुसरे पाहून निवडावेच लागेल. आपल्याकडची अ-ब-क-ड पद्धत मुख्यतः पहिल्या मोलावर चालते, आणि तिची उणीव ठाणे-नवी मुंबईत स्पष्ट दिसते.

नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनी गेलेल्यांनी १९८४ मध्ये केलेल्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन माणसे गेली. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तोवर ज्या फेरफारांकडे, भूसंपादनाच्या निवाड्यांकडे आणि कुळांच्या नोंदींकडे कोणी वळूनही पाहत नव्हते, त्यांच्यावर घरेच्या घरे अवलंबून राहिली. आजोबांचे नाव सातबाऱ्यावर एका तऱ्हेने आणि निवाड्यात दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असेल, तर वारसाला ते दोघे एकच हे सिद्ध करण्यासाठी तिसरा कागद शोधावा लागतो. मिठागरात राबणाऱ्याचे नाव तर अनेकदा जमिनीच्या कागदावर आलेलेच नसते. त्याच्यासाठी जी काही हजेरीवही उरली असेल, तीच साक्ष.

गाव नमुना १४चेही तसेच. हे गावचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘कोतवाल बुक’. जुन्या पानावर मोडीत ओळी ओढलेल्या असतात: तारीख, बापाचे नाव, जात. बाळाला अजून नाव ठेवलेले नसे, म्हणून त्या जागी नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. मृत्यूच्या बाजूला कारण दोन अक्षरांत उरकलेले, ‘ताप’ किंवा ‘पटकी’. लिहिणाऱ्याने ते मोजदादीसाठी लिहिले. आज ऐरोलीतल्या आगरी मुलीला जातवैधता हवी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो पणजोबाच्या जन्माच्या त्या एका ओळीत किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सापडतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हाही हीच रजिस्टरे बाहेर निघाली. लिहिणाऱ्या कोतवालाला यातले काहीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गावपातळीवरच्या नावनिशीच्या कोणत्याही वहीला ‘ड’ लावण्याआधी हात थांबला पाहिजे, असे मला वाटते ते यामुळेच.

कागद जिथे तयार झाला त्याच दप्तराबरोबर ठेवायचा, विषयवार विस्कटायचा नाही, हा निवडीनंतरचा नियम. शोधणाऱ्याला त्यामुळे कारभाराचा इतिहास माहीत असावा लागतो. पनवेल तालुका १८८३ मध्ये ठाणे जिल्ह्यातून कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात गेला, म्हणून त्याआधीच्या प्रकरणाचा माग ठाण्याच्या नावाने काढावा लागतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर हाच प्रश्न नव्याने आला. त्याहूनही मागे गेले तर ठाणे शहरावर पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज असे तीन अंमल झाले. त्यामुळे पेशवाईतला धागा पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या रुमालांत (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत) शोधायचा आणि कंपनीच्या काळातला मुंबईच्या पुराभिलेखागारात.

खाजगी संग्रहांची वाट वेगळी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभे राहिले. अशा संस्थांकडे येणारे घराण्याचे कागद देणाऱ्याच्या अटींसह येतात, आणि त्या अटी लेखी घेतलेल्या बऱ्या.

आता दाखवण्याचा भाग. केंद्राच्या कायद्यात गोपनीय नसलेले, ३० वर्षांहून जुने आणि राष्ट्रीय अभिलेखागारात आलेले कागद खऱ्या अभ्यासकाला पाहता येतात. ही वर्षे नस्ती उघडली त्या सालापासून मोजतात. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये २० वर्षांपूर्वीच्या घटनांबाबतची बहुतेक अपवादांची आडकाठी दूर होते. मात्र ‘अभ्यासक’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. खिडकीशी नकलेचा अर्ज घेऊन उभी असलेली घणसोलीची म्हातारी अभ्यासक नाही, पण तिचा हक्क प्रबंध लिहिणाऱ्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

काही कागद मात्र झाकलेलेच बरे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१चे आहे. अशा ठिकाणच्या रुग्णनोंदी संशोधनाला मोलाच्या असतात, पण त्यांतल्या माणसांची नातवंडे याच शहरात राहत असतील. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाची गोपनीयता राखायला सांगतो. तिथे नावे झाकून आकडे आणि उपचार दाखवणे हा मार्ग उरतो, आणि रुग्णाच्या वारसाने मागितले तर प्रत्येक प्रकरण वेगळे तपासावे लागते.

नक्कल हाती आली तरी पान मोडीत असले तर अर्जदाराचे काम तिथे संपत नाही. कार्यालयाला देवनागरी लिप्यंतर हवे असते, त्यावर जाणकाराची सही हवी असते, आणि तो जाणकार मिळेपर्यंत ती एक ओळ अर्जदाराच्या पिशवीत घडी घालून फिरत राहते.